पहिल्या क्रमांकाची शांतता

१

कपाटाचं दार उघडलं आणि आतून झोपेच्या औषधाच्या बाटल्या घरंगळत बाहेर आल्या. एक बाटली मेट्रनबाईंच्या पायाशी फुटली. नर्सांच्या त्या चिंचोळ्या खोलीत गोडसर, उग्र वास भरून राहिला.

कपाटाच्या दारावर सिस्टरचं नाव होतं. सिस्टर मागेच उभी होती. "हे माझं नाही," ती म्हणू लागली.

"वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना कोण झोपवतं, याचा शोध लागला म्हणायचा," मेट्रनबाई म्हणाल्या. मग सिस्टरच्या कानाशी वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. ते ऐकून सिस्टर खाली बसली ती उठलीच नाही. दोघींनी धरून तिला फाटकाबाहेर नेऊन सोडलं.

खरं तर सिस्टरनंच काही आठवड्यांपूर्वी कंपनीच्या गुप्त तक्रार-फोनवर कळवलं होतं, की या वृद्धनिवासात संध्याकाळच्या चहातून माणसांना गुंगीचे थेंब दिले जातात. आता तेच थेंब तिच्या कपाटात सापडले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच प्रकार. इथे तर संन्याशाच्या झोळीत कुणीतरी चोरीचा माल आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एका निवृत्त पोलीस अधिकारीण बाईंना फोन गेला. त्यांना अजूनही सगळे फौजदारबाई म्हणत.

"सिस्टर म्हणते, तिचं नाव फुटलं," कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. "तक्रार करणाऱ्याचं नाव फुटलं असं ठरलं, तर नीतिमान कंपन्यांच्या क्रमवारीतून आपण बाद होऊ. सलग पहिला क्रमांक आहे आपला. तुम्ही चौकशी करा. तुम्ही काय, घरच्याच."

घरच्याच, कारण फौजदारबाईंचा थोरला भाऊ त्याच निवासात वरच्या मजल्यावर होता.

२

दादाला इथे ठेवताना फौजदारबाईंनी बरीच ठिकाणं पालथी घातली होती. शेवटी दारातला तो काचेचा मानाचा फलक पाहून त्या निवांत झाल्या होत्या. 'सर्वांत नीतिमान कंपनी, क्रमांक पहिला.' जन्मभर चोर-लबाडांत वावरलेली बाई, पण काचेवर सोनेरी अक्षरं दिसली आणि तिनं विश्वास ठेवला. दमलेल्या माणसाला कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

दादा शाळेत संगीत शिकवायचा. त्याचे हात कधी स्वस्थ नसत. जेवताना ताटावर, बसमध्ये पुढच्या सीटवर, इथे आल्यावर पलंगाच्या कठड्यावर त्याची बोटं ताल धरायची. अलीकडे तो बराच शांत झाला होता. वय झालं, असं फौजदारबाई स्वतःला समजावत.

सिस्टर एका इमारतीच्या तळघरातल्या खोलीत राहत होती. जिन्यावर बाजूला सरकायलाही जागा नव्हती. ती चहा ठेवायला उठली.

"तक्रार केलीस हे कुणाकुणाला ठाऊक होतं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"फोन घेणाऱ्या बाईंना. आणि नीतीसाहेबांना. ते मला मुख्य कार्यालयात एका बंद खोलीत भेटले. सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. म्हणाले, हे माझ्यापाशीच राहील."

नीतीसाहेब म्हणजे कंपनीचा नीती-अधिकारी. त्या माणसाचा हुद्दाच असा, की खरं नाव सगळे विसरले होते.

"आणि इथे? मैत्रिणीला, घरी?"

"घरी कोण आहे? आई होती, ती गेली." ती थांबली. "मेट्रनबाई माझ्या कानात काय म्हणाल्या सांगू? 'झोपलेल्याला जागं करता येतं सिस्टर, झोपवलेल्याला नाही.' "

"म्हण तर वेगळी आहे."

"तेच ना. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, अशी म्हण आहे. ते 'झोपवलेल्याला' माझं आहे, बाई. त्या बंद खोलीत बोलता बोलता तोंडून गेलं होतं. त्याआधी नाही, नंतर नाही."

फौजदारबाईंनी कप खाली ठेवला. म्हणजे बंद खोलीतलं वाक्य भिंत फोडून बाहेर आलं होतं, तेही शब्दाचा कानामात्रा न बदलता.

निघताना सिस्टरनं दारात गाठलं. "एक काम कराल? माझी पर्स आणि चपला तिथेच राहिल्यात. माझ्या शेजारच्या कपाटात. तेवढं आणून द्याल?"

३

नीतीसाहेब फौजदारबाईंना पाहताच उभा राहिला. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर आईवडिलांचा फोटो. लबाड माणसं चौकशीला बसली की आधी खुर्चीची पाठ शोधतात. हा खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी नाव कुणालाही सांगितलं नाही. आईची शपथ."

"मेट्रनबाईंना कधी भेटलास?"

"महिन्यात तरी नाही. त्या निवासात मी गेलोही नाही. मी तिथे दिसलो असतो, तर लोकांनी ताडलं असतं."

"आणि फोन घेणारी?"

"तिला नाव कळतच नाही. तिला फक्त निवास कळतं. नाव सिस्टरनं मला सांगितलं, समोरासमोर."

"मग तक्रारीचं केलंस काय?"

त्यानं मान खाली घातली. "वर पाठवली. वरून आलं, बघतो. मी पुन्हा विचारलं. वरून आलं, पुरस्काराचं काम आधी. मग मीही त्या कामाला लागलो."

त्याच्या आवाजात लाज होती, पण लपवाछपवी नव्हती. फौजदारबाईंनी आयुष्यात खूप खोटं ऐकलं होतं. हे त्यातलं वाटेना. आणि तेच अवघड होतं. हा खरं बोलत असेल, तर ते वाक्य त्या खोलीतून गेलं कसं?

संध्याकाळी त्या निवासात गेल्या. नर्सांच्या खोलीत साफसफाईची मावशी फरशी पुसत होती. शेजारचं कपाट उघडलं, तर आत सिस्टरची पर्स, चपला, कंगवा, अर्धी राहिलेली बिस्किटं, सगळं व्यवस्थित लावलेलं होतं.

"मावशी, सिस्टरचं सामान इथे कसं?"

"अहो, तिच्या कपाटावरचा तो एसी गळत होता ना आठवडाभर! धबधबाच. आम्ही बादली लावली होती. सगळ्या तिला चिडवायच्या, आंघोळ इथेच करतेस का म्हणून. तिनं सामान हलवलं या रिकाम्या कपाटात. नावाची पट्टी तेवढी राहिली. एसी दुरुस्त झाला, बादली उचलली, पण ती परत गेलीच नाही. आळस, दुसरं काय!"

मावशी हसली. फौजदारबाई हसल्या नाहीत. त्यांनी सिस्टरच्या नावाचं कपाट उघडलं. आत काही नव्हतं. ज्यानं बाटल्या ठेवल्या, त्यानं एका ओस पडलेल्या कपाटात ठेवल्या होत्या.

"मावशी, आठवून सांगा. तो एसी गळत होता, त्या आठवड्यात इथे कोण नव्हतं?"

४

पोलिसात असताना फौजदारबाई नव्या पोरांना सांगायच्या, चोराला काय माहीत होतं ते सगळेच शोधतात. त्याला काय माहीत नव्हतं ते शोधा.

बाटल्या ठेवणाऱ्याला कपाट बदलल्याचं माहीत नव्हतं. त्या आठवड्यात कामावर असलेल्या प्रत्येकीला ते माहीत होतं, त्यावरून थट्टा चालायची. म्हणजे ठेवणारी व्यक्ती तेव्हा तिथे नव्हती. नीतीसाहेबालाही माहीत नव्हतं, फोनवाल्या बाईलाही नव्हतं. पण त्यांच्याकडे कपाटाची किल्ली नव्हती आणि ते इकडे फिरकलेही नव्हते. दुसरी किल्ली एकाच बाईकडे असायची. आणि मावशीनं जे नाव घेतलं, तेही तिचंच.

मेट्रनबाई. 'बाहेरगावी गेल्या होत्या, कंपनीच्या कामाला.'

कुठे गेल्या होत्या, हे नीतीसाहेबानं फोनवर सहज सांगून टाकलं. "शिबिराला. पुरस्कार देणारी संस्था घेते ना, निवडक कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी. गुण कसे वाढवायचे ते शिकवतात. आमच्याकडून त्यांनाच पाठवलं होतं. का हो?"

"तिथे काय शिकवतात?"

"मला काय ठाऊक? मी फक्त आमचा अर्ज आणि ती छोटी फिल्म पाठवली होती."

"कसली फिल्म?"

पलीकडे त्यानं घसा खाकरला.

"बोल," फौजदारबाई म्हणाल्या.

"त्यात विचारतात... तक्रार करणाऱ्याला तुम्ही कसं सांभाळता, त्याचं एक उदाहरण द्या. मी... पण आवाज बदलला होता हो! चेहराही नाही, नुसती सावली. आणि ती फक्त परीक्षकांसाठी होती!"

५

पुरस्कार देणारी संस्था एका इमारतीत दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात यंत्राची घरघर ऐकू येत होती. आत गेलं की भिंतीला टेकून काचेचे मानाचे फलक खोक्यांत उभे, नावं कोरायची बाकी. परीक्षकांचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक होते. गोड माणूस. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही कंपन्यांत जाऊन पाहता का?" फौजदारबाईंनी विचारलं.

"छे, छे. कंपनी सांगते, आम्ही तोलतो. तपासायला जाणं म्हणजे अविश्वास, आणि नीतीचा पाया विश्वास."

"ज्या कंपन्या अर्जच करत नाहीत?"

"त्या क्रमवारीत नसतात."

"म्हणजे वर्गात बसले तेवढ्यांतूनच पहिला. आणि पेपर ज्याचा त्यानंच तपासलेला."

प्राध्यापक हसले. त्यांना हे बोलणं विनोदी वाटलं असावं. "तुमच्या कंपनीचं मात्र कौतुक आहे हं. वृद्धनिवासांत रहिवाशांच्या तक्रारी किती, यावर आम्ही गुण देतो. तुमच्याकडे संध्याकाळनंतरची तक्रार जवळजवळ शून्य! इतकी शांतता दुसरीकडे कुठेच नाही."

झोपलेला माणूस तक्रार कशी करील? हा प्रश्न फौजदारबाईंच्या ओठांवर आला आणि तिथेच थिजला. कारण आता त्यांना सगळं उलटं दिसू लागलं होतं. शांततेमुळे पहिला क्रमांक मिळत नव्हता. पहिल्या क्रमांकासाठी शांतता केली जात होती.

"ती फिल्म बघायला मिळेल?"

"अवश्य! आमचा नमुनाच आहे तो. शिबिरात सगळ्यांना दाखवतो."

भिंतीवर एका बाईची सावली उमटली. आवाज यंत्रातून काढलेला, घोगरा, ना बाईचा ना बुवाचा. पण शब्द तेच होते.

'आमच्याकडे एक आजोबा आहेत,' सावली सांगत होती. 'संगीताचे मास्तर. दिवसभर पलंगाच्या कठड्यावर ताल धरायचे. कुणी रडायला लागलं, की त्याच्यासाठी जरा जोरात वाजवायचे. हल्ली त्यांचे हात हलत नाहीत. त्यांची बहीण येते, उशाशी बसते, तिला वाटतं वय झालं. तिला काय सांगू? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपवलेल्याला नाही.'

प्राध्यापकांनी दिवा लावला. "हृदयाला भिडतं, नाही?" ते म्हणाले.

फौजदारबाई उठून तडक वृद्धनिवासाकडे निघाल्या.

६

मेट्रनबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. औषधांच्या खोलीत, पाठमोऱ्या उभ्या राहून, बाटल्या जागेवर लावत त्या बोलत होत्या.

"मला नाव कुणी सांगितलं नाही. शिबिरात खुर्चीत बसले होते, समोर ती सावली. संगीताचे मास्तर माझ्या मजल्याशिवाय आहेत कुठे? आणि त्यांच्या पलंगाशी संध्याकाळी कोण बसायचं, ते मला नको कळायला? सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."

"आणि परत येऊन बाटल्या ठेवल्यास."

"ठेवल्या. उद्या चौकशी झाली असती, तर मानेवर सुरी कुणाच्या आली असती? माझ्या. मग तिच्या मानेवर ठेवली."

"दादाला थेंब कुणाच्या सांगण्यावरून दिलेस?"

मेट्रनबाई वळल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. "संध्याकाळी संपूर्ण मजल्याला मी आणि दोन पोरी. माणसं हाका मारतात, रडतात, घरी नेऊन सोडा म्हणतात. कुणाकुणाकडे बघू? हुकूम लेखी कोण देतं, बाई? मोठ्या साहेबांचा सकाळी फक्त फोन येतो, 'काल शांत होतं ना?' एवढंच. हो म्हणेपर्यंत फोन ठेवत नाहीत."

"त्यांचं नाव घेऊन हे बोलशील?"

"मी बोलेन. ते म्हणतील, मी तर चौकशी करत होतो म्हाताऱ्यांची."

त्यांच्या जागी कुणी नवखा असता, तर त्याला वाटलं असतं, कोडं सुटलं.

७

त्या आपल्या जुन्या पोलीस चौकीत गेल्या. एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला अधिकारी आता तिथे मुख्य होता. त्यानं त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं.

"डॉक्टरनं प्रत्येकाच्या औषधांत 'गरजेनुसार झोपेचे थेंब' लिहून ठेवलंय, बाई. गरज कधी होती, हे मागाहून कोण ठरवणार? बाटल्यांचं म्हणाल तर मेट्रनला धरतो. त्याच्या वर माझा हात पोचत नाही. तुम्हीच शिकवलंत, हातात काय आहे ते आधी बघ."

मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला. अगदी शेवटच्या पानापर्यंत. मग त्यांनी फौजदारबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

"उत्तम काम. मेट्रनला आजच काढतो. सिस्टरला मानानं परत घेतो."

"आणि थेंब? सकाळचे फोन?"

"तुम्ही दमलात. त्याचं आम्ही आत बघू."

नीतीसाहेबानं राजीनामा दिला. त्याच्या जागी आठवड्याभरात दुसरा आला.

निकाल लागला, तेव्हा कंपनी पुन्हा पहिली होती. या खेपेला गुण जास्त मिळाले होते. प्राध्यापकांनी व्यासपीठावरून सांगितलं, की स्वतःची चूक शोधायला बाहेरची, तीही एका रहिवाशाची बहीण नेमणारी कंपनी विरळाच. आणि मग पडद्यावर नवी फिल्म लागली. या खेपेला सावली नव्हती. सिस्टर स्वतः होती, नव्या गणवेशात, चेहऱ्यावर उजेड घेऊन.

फौजदारबाईंनी तिला नंतर बाहेर गाठलं. "का गं पोरी?"

"चोरीचा डाग होता, बाई. कुठेही गेले असते, तरी आधी तोच विचारला असता. ते म्हणाले, एवढं बोलून टाक, डाग पुसला जाईल." ती इकडेतिकडे पाहत होती. "त्यांनी लिहून दिलेलं बोलले. खोटं काही नव्हतं त्यात. अर्धं होतं फक्त."

तिला रागवावं, असं फौजदारबाईंच्या मनात आलं नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती रडायच्या आत काढून घेतला.

८

त्यांनी दादाला घरी आणलं.

काही दिवसांत त्याच्या डोळ्यांत ओळख परतली. "चिमे, चहात साखर कुठाय?" म्हणून तो भांडला. लहानपणी हिनं त्याच्या पेटीचा भाता कसा फाडला, ते तीन वेळा सांगितलं. फौजदारबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसल्या आणि रडल्या. संध्याकाळ झाली, की मात्र तो बिथरायचा. आई कुठे गेली, दार उघड, मला शाळेत जायचंय. त्या त्याला धरून बसायच्या. त्यांचा एक खांदा जुन्या मारामारीत दुखावलेला, हात वर जायचा नाही. स्वतःचं वयही काही थांबलं नव्हतं.

एका दुपारी तो न्हाणीघरात पडला. त्यांना तो उचलता आला नाही. शेजारी कामावर गेलेले. त्या ओल्या फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तो म्हणाला, "चिमे, रडू नको गं, मला दुखत नाहीये." ते खोटं होतं. चोर-लबाडांचं खोटं ओळखणाऱ्या बाईला ते लगेच कळलं.

मग त्या पुन्हा वृद्धनिवासं बघत फिरल्या. एका ठिकाणी चादरींना वास. एका ठिकाणी जागा नाही. एका ठिकाणी दारातच कुणीतरी ओरडत होतं आणि आतून कुणी येत नव्हतं. क्रमवारीत जी नव्हती, ती चांगली होती असंही नाही. ती नुसती नव्हती.

पाऊल परत त्याच फाटकाशी आलं. नव्या मेट्रनबाई हसतमुख होत्या. दादाला खुर्चीवरून पलंगावर घेताना त्यांनी त्याला अगदी हळू धरलं, हे फौजदारबाईंनी पाहिलं.

"संध्याकाळी जरा बडबडतात का हे?" नव्या बाईंनी विचारलं. "नाही, म्हणजे आधी कळलेलं बरं."

"बडबडतो. आईला हाका मारतो. मारू दे. थेंब देऊ नका."

"गरज पडली तरच हो."

"गरज कोण ठरवणार?"

नव्या मेट्रनबाई पलंगावरची चादर सारखी करू लागल्या. हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नसावा. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या हातात पूर्ण मजला होता आणि मदतीला दोन पोरी.

"मी रोज येईन," फौजदारबाई म्हणाल्या. "संध्याकाळी."

"भेटायची वेळ चारपर्यंतच असते, बाई. नियम आहे. संध्याकाळी रहिवाशांना शांतता लागते ना."

दादानं बहिणीचं बोट घट्ट धरलं होतं. "चिमे, आपण घरी कधी जायचं?"

"जाऊ हं," त्या म्हणाल्या, आणि भेटायची वेळ संपल्याचं सांगायला कुणी येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.